बिबट्यापासून सावध

वाटीत कोमट पाणी, पाण्यात नखाएवढा कागद आणि कागदावर बिबट्या. अर्ध्या मिनिटात डीकॅल, म्हणजे मॉडेलवर चिकटवायचं चित्र, कागदावरून सैल होतो. मग तो चिमट्याने उचलायचा आणि ओल्या ब्रशने ढकलत ढकलत विमानाच्या शेपटीवर न्यायचा. तेवढा वेळ घरात कुणी दार आपटू नये, एवढीच अपेक्षा असते. बिबट्या मी घरच्याच प्रिंटरवर छापलेला. इंकजेटला पांढरा रंग छापता येत नाही, तो कागदाचा पांढरा उधार घेतो. त्यामुळे पारदर्शक कागदावरचा पहिला बिबट्या हिरव्या शेपटीवर टेकवला आणि दिसेनासाच झाला. खऱ्या बिबट्याला ते शोभलं असतं, माझी मात्र संध्याकाळ गेली. दुसरा पांढऱ्या कागदावर छापून कडेने ब्लेडने कोरून काढला, त्यात त्याचा एक कान गेला.

विमान टीएसआर-२. पंखांवर ब्रिटिश हवाई दलाची तांबडी-पांढरी-निळी वर्तुळं, पाठीवर हिरव्या-करड्या रंगाच्या लाटा, शेपटीवर हा एककानी बिबट्या, आणि नंबर एक्सएस ६६५. असं विमान कधीच नव्हतं. टीएसआर-२ होतं, हा नंबरही होता, पण कागदावर. हा नंबर आणि हे रंग अंगावर घेऊन उडालेलं विमान कुणीही पाहिलेलं नाही. मॉडेलं करणाऱ्यांच्या जगात याला ‘व्हॉट-इफ’ म्हणतात. बायको ‘खोटं विमान’ म्हणते. “अहो, खरी संपली का सगळी?” असं तिने एकदा विचारलं होतं, आणि मी थिनरच्या वासाचं निमित्त करून बाल्कनीत सटकलो होतो.

खरं तर मराठी माणसाला जर-तर शिकवावं लागत नाही. पानिपतात विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, थोरले माधवराव आणखी वीस वर्षं जगले असते तर, या दोन वाक्यांवर आमच्या घरात तीन पिढ्यांच्या चहाच्या किटल्या रिकाम्या झाल्या. इंग्रजांच्यातल्या विमानवेड्यांचं पानिपत म्हणजे हे टीएसआर-२. त्याचं नाव काढलं की साठीचे गृहस्थ आजही तावातावाने बोलायला लागतात.

गोष्ट थोडक्यात अशी. १९५७च्या सुमाराला ब्रिटिश हवाई दलाला कॅनबेरा बॉम्बरच्या जागी नवं विमान हवं होतं. मागण्या वाचल्या की स्थळ बघायला आलेल्या वरपक्षाची आठवण होते. जमिनीपासून दोनशे फुटांवरून रडार चुकवत जायला हवं, उंचावर आवाजाच्या दुप्पट वेग हवा, कच्च्या आखूड धावपट्टीवर उतरायला हवं, टेहळणी हवी, आणि पोटात अणुबॉम्बही मावायला हवा. काम हवं असेल तर कंपन्यांनी एकत्र या, असं सरकारने बजावलं. विकर्स आणि इंग्लिश इलेक्ट्रिक हे दोन स्पर्धक एका ताटात जेवायला बसले, आणि १९६०मध्ये त्यातून ब्रिटिश एअरक्राफ्ट कॉर्पोरेशन उभी राहिली. डिसेंबर १९६२मध्ये एका व्हल्कन विमानाच्या पोटाखाली टांगून या विमानाचं ऑलिम्पस इंजिन तपासत होते. जमिनीवरच ते फुटलं आणि व्हल्कन जळून गेलं. खर्च चढत राहिला. तेव्हा तिथे तिन्ही दलांच्या वर बसले होते आपले शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन, आणि त्यांचा जीव नौदलाच्या बकॅनियर या बॉम्बर विमानावर. टेबलावर बकॅनियरचे पाच फोटो आणि टीएसआर-२चा एक फोटो टाकून ‘एवढ्या पैशात हे पाच, नाहीतर हे एक’ असं ते समजावत, असा किस्सा सांगतात. वाटण्या झटपट उरकायची त्यांची हातोटी आपल्याला नवी नाही.

तरीही विमान उडालं. २७ सप्टेंबर १९६४ला बॉस्कोम्ब डाउनच्या धावपट्टीवरून एक्सआर २१९ वर गेलं, पुढे वैमानिक रोलंड बीमॉन्ट, मागे डॉन बोवेन. सुरुवातीच्या एका उड्डाणात इंधनाच्या पंपाची थरथर नेमकी डोळ्याच्या बुबुळाच्या थरथरीशी जुळली आणि वैमानिकाला दिसेनासं व्हायला लागलं. इंजिन मंद केलं तेव्हा नजर परत आली. मला या विमानाबद्दल जे काही वाटतं ते या एका तपशिलापासून सुरू झालं. पुढे फेब्रुवारी १९६५मध्ये ते वॉर्टनला नेताना एकाच इंजिनाचा आफ्टरबर्नर, म्हणजे जादा जोर देणारी यंत्रणा, लावला, तर सोबतीला असलेलं लायटनिंग मागे पडलं. लायटनिंग म्हणजे त्या काळातलं ब्रिटिशांचं सगळ्यात चपळ लढाऊ विमान.

६ एप्रिल १९६५ला अर्थमंत्री जेम्स कॅलाहन यांनी बजेटच्या भाषणात टीएसआर-२ रद्द केल्याचं सांगितलं. दुसरं विमान, एक्सआर २२०, त्याच दिवशी पहिल्यांदा उडायचं होतं. ते आजतागायत उडालेलं नाही, कॉस्फर्डच्या संग्रहालयात उभं आहे. पहिल्याने एकूण २४ उड्डाणं केली आणि शूबरीनेसच्या चाचणी मैदानावर तोफगोळ्यांचं लक्ष्य म्हणून त्याचा शेवट झाला. कारखान्यातले साचेसुद्धा मोडून टाकले. पुन्हा कुणाला मोह होऊ नये म्हणून, असं म्हणतात.

इथून पुढे माझं काम सुरू होतं.

व्हॉट-इफचा एक अलिखित नियम आहे, निदान मी तो पाळतो. खोटं एकच बोलायचं, बाकी सगळं काटेकोर खरं. वाटेल तो रंग फासला की ते खेळणं होतं. माझं एकच खोटं म्हणजे ६ एप्रिलला कॅलाहन ते वाक्य बोलले नाहीत. आता १९६९ साली या विमानाचा रंग कोणता असेल? चाचणीची विमानं पांढरीशुभ्र होती, कारण अणुस्फोटाच्या लखलखाटात पांढरा रंग उष्णता परत फेकतो. पण मे १९६०मध्ये रशियाने अमेरिकेचं यू-२ हे टेहळणी विमान क्षेपणास्त्राने पाडलं आणि उंचावरून सुखरूप जाण्याचे दिवस संपले. ब्रिटिशांचे मोठे बॉम्बरही खालून उडायला लागले, आणि १९६४पासून त्यांच्या पाठी हिरव्या-करड्या झाल्या. म्हणजे माझं विमानही हिरवं-करडं. हम्ब्रॉल रंगाच्या डब्या १६३ आणि १६४. वर्तुळांमधला पांढरा भाग? तो सत्तरच्या दशकात काढून टाकला, म्हणून १९६९मध्ये तो हवाच. नंबर? चाचणीची नऊ विमानं एक्सआर २१९ ते २२७, त्यांच्या मागची अकरा एक्सएस ६६० ते ६७०. या अकरांतलं एकही पुरं झालं नाही. त्यातला ६६५ मी घेतला, मधला म्हणून. बारसं झालं, मूल जन्मलंच नाही, असे ते अकरा नंबर आहेत. रात्री अकरा वाजता त्यातला एक आकडा चिमट्यात धरून बसलेल्या माणसाला वेडा म्हणायला माझी हरकत नाही.

राहिली तुकडी. टीएसआर-२ कुणाला द्यायचं? आधी ३१ नंबरची तुकडी डोक्यात होती. १९१५च्या अखेरीला ती हिंदुस्थानात आली, आणि तिचं लॅटिन ब्रीदवाक्य म्हणजे ‘भारताच्या आकाशात पहिले’. सोनेरी तारा छापायलाही सोपा. पण तिचे कागद चाळताना मला दोन वेगळीच नावं सापडली आणि तारा मागे पडला. १२२ (बॉम्बे) स्क्वाड्रन. आणि १३२ (सिटी ऑफ बॉम्बे) स्क्वाड्रन.

माझा जन्म मुंबईचा, आयुष्य बोरिवलीत. ब्रिटिश हवाई दलात माझ्या गावाच्या नावाच्या दोन तुकड्या होत्या, हे मला पन्नाशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं. युद्धात वसाहतींकडून देणग्या घ्यायच्या आणि बदल्यात तुकडीला गावाचं, संस्थानाचं नाव द्यायचं, अशी पद्धत होती. एका स्पिटफायरची वर्गणी पाच हजार पौंड धरत. निजामाच्या पैशातून हैदराबादच्या नावाच्या तुकड्या झाल्या, तशा या मुंबईच्या. १९४२च्या उन्हाळ्यात १२२ नंबरवाले लंडनजवळच्या हॉर्नचर्चहून स्पिटफायर उडवत होते, आणि त्याच ऑगस्टमध्ये इकडे गोवालिया टँकवर ‘चले जाव’ म्हणत होते. माझे आजोबा त्या गर्दीत होते आणि नंतर तीन आठवडे आत होते. त्यांच्या शहराचं नाव तेव्हा शत्रूच्या, म्हणजे आपल्या राज्यकर्त्यांच्या, विमानावर होतं हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते ते इथे लिहिता येणार नाही.

१३२ नंबरच्या तुकडीचं चिन्ह होतं मागच्या पायांवर उभा राहिलेला बिबट्या, आणि ब्रीदवाक्य ‘काव्हे लिओपार्डम’. म्हणजे बिबट्यापासून सावध! मी खुर्चीवरून उठलोच. आमच्या सोसायटीच्या मागे राष्ट्रीय उद्यानाची भिंत आहे. तिथे याच अर्थाची पाटी आहे, मराठीत, गंजलेली. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर महिन्यातून एकदा सीसीटीव्हीतला बिबट्या फिरतो आणि सेक्रेटरी तेच ब्रीदवाक्य तीन उद्गारचिन्हांसह लिहितात. कुठल्याशा कचेरीत चिन्हं आखणाऱ्या माणसाला मुंबई म्हटल्यावर बिबट्या का सुचला कोण जाणे, पण नेम बरोबर बसला. तुकडी १९४६मध्ये हाँगकाँगला मोडली. मी ती १९६९मध्ये पुन्हा उभी केली, टीएसआर-२ देऊन.

स्टँडवर एक पट्टी लावायची असते, विमान, तुकडी, तळ, साल. तळाच्या जागी पेन अडलं.

टीएसआर-२ इंग्लंडच्या आकाशात मिरवायला केलेलं नव्हतं. सुवेझच्या पूर्वेला वचक ठेवायचा, हा त्याच्यामागचा मोठा हिशेब. सायप्रस, एडन, सिंगापूर. मुंबईची तुकडी म्हणजे पूर्वेकडे, म्हणून मी लिहिलं ‘तेंगा, सिंगापूर’. आता जरा पुढे मोजा. १८ नोव्हेंबर १९६७ला पौंडाचं अवमूल्यन झालं, २ डॉलर ८० सेंटवरून २ डॉलर ४० सेंटवर. १६ जानेवारी १९६८ला पंतप्रधान विल्सन यांनी सिंगापूर-मलेशिया आणि आखातातून १९७१च्या अखेरीपर्यंत बाहेर पडणार असं जाहीर केलं. टीएसआर-२च्या जागी अमेरिकेकडून घ्यायचं ठरलेलं एफ-१११, पन्नास नग, तेही त्याच भाषणात गेलं. म्हणजे १९६५ला वाचवलेलं माझं विमान १९६८ला मेलंच असतं. त्याला तेंगामध्ये जिवंत ठेवायचं तर अवमूल्यन टाळायला हवं, साम्राज्याचं खर्चाचं खातं चालू ठेवायला हवं. आणि त्यासाठी पैसा कुठून आणायचा? युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनच आपलं शंभर कोटी पौंडांहून जास्त देणं लागत होतं, युद्धात इथून उचललेल्या मालाचं आणि सेवांचं. लंडनमध्ये ते बुडवायच्या, निदान कापायच्या गोष्टी चालल्या होत्या. ते बुडवलं असतं तर? माझं एक खोटं पाच खोट्यांना जन्म देत होतं, आणि पाचवं आमच्याच खिशात हात घालत होतं.

बरं, तेही मान्य केलं. पैसा आला, इंग्रज सिंगापूरला राहिले, बिबट्या तेंगाला उभा आहे. साल पुढे सरकतं आणि डिसेंबर १९७१ येतो.

ब्रिटन तेव्हा सीटो आणि सेंटो या दोन्ही लष्करी करारांत पाकिस्तानचा जोडीदार. खऱ्या इतिहासात तो त्या युद्धापासून लांब राहिला, पण त्याच महिन्यात पूर्वेतून चंबूगबाळं आवरणारा ब्रिटन वेगळा, आणि माझ्या पट्टीवरचा, नवी अणुबॉम्बर विमानं घेऊन सिंगापुरात ठाण मांडून बसलेला ब्रिटन वेगळा. अमेरिकेचं विमानवाहू जहाज एंटरप्राइज बंगालच्या उपसागरात आलं, तेव्हा त्या ब्रिटनने काय केलं असतं? आई सांगते, त्या डिसेंबरात मुंबईत ब्लॅकआउट होता. तिने खिडक्यांच्या काचांना काळे कागद खळीने चिकटवले होते, आणि भोंगा झाला की मी, तीन वर्षांचा, पलंगाखाली जायला नकार द्यायचो. त्या काळ्या कागदामागे मी, आणि आकाशात कुठेतरी शेपटीवर मुंबईचा बिबट्या घेतलेलं माझंच विमान, नाक कुठल्या दिशेला ते मला माहीत नाही.

पट्टीवरचं ‘तेंगा’ ओलं होतं. पुसून टाकलं.

त्यानंतर दोन-तीन आठवडे मी मॉडेलांना हात लावला नाही, आणि मग नॅट काढलं.

नॅट आपल्याकडे माहीत आहे ते १९६५ आणि ७१च्या लढायांमुळे. पाकिस्तानच्या सेबर विमानांना भारी पडलेलं, चिमणीएवढं विमान. श्रीनगरवर निर्मलजितसिंग सेखों एकट्याने लढले ते नॅटमधूनच. पण त्याची दुसरी बाजू मला व्हॉट-इफच्या नादात कळली. कॅनबेराचाच रचनाकार टेडी पेटर. विमानं उगाच जड आणि महाग होत चालली आहेत असं त्याचं मत, म्हणून त्याने हे हलकं, स्वस्त लढाऊ विमान आखलं. ब्रिटिश हवाई दलाने घेतलं ते फक्त दोन आसनी शिकाऊ रूपात. लढाऊ नॅट घेतलं भारताने, आणि बंगळूरला बांधलं. तेव्हा ब्रिटिश वर्तुळं लावलेलं, तुकडीत दाखल झालेलं लढाऊ नॅट हे इंग्लंडातल्या मॉडेलवाल्यासाठी जर-तर आहे. आमच्याकडे ते निव्वळ इतिहास आहे. त्यांच्या ‘असतं तर’ला आपण पेट्रोल भरून उडवलं! तसंच कॅनबेराचं. टीएसआर-२ ज्याच्या जागी यायचं होतं ते कॅनबेरा आपल्या हवाई दलात मे २००७पर्यंत उडत होतं. लहानपणी पुण्याला मावशीकडे विश्रांतवाडीत गेलो की लोहगावहून उठलेली कॅनबेरा गच्चीवरून दिसायची, आणि मावशी वाळत घातलेल्या पापडांवर धूळ बसते म्हणून त्यांना शिव्या द्यायची. धूळ विमानाची नव्हती, रस्त्याची होती, पण मावशीपुढे बोलणार कोण.

नॅटचं खोटंही स्वस्त निघालं. १९५८मध्ये एडनला एक चाचणी झाली होती. म्हाताऱ्या झालेल्या व्हेनमच्या जागी कोणतं विमान घ्यायचं ते ठरवायला हंटर, जेट प्रोव्होस्ट आणि नॅट, तिघांना त्या भट्टीत उडवून पाहिलं. हंटर जिंकलं, आणि रास्त जिंकलं, कारण ते जास्त ओझं घेऊन जास्त लांब जात होतं. आपण फक्त तो निकाल फिरवायचा. बाकी जगाला धक्का नाही. पौंड जिथे होता तिथे, आजोबा जिथे होते तिथे. एडनच्या खोरमक्सर तळावरची ८ नंबरची तुकडी, नाकावर पिवळा-निळा-तांबडा पट्टा, चिन्ह म्हणून जांबिया, म्हणजे अरबी कट्यार. गंमत अशी की नॅटच्या दोन्ही तोफांचं नावही एडनच. बंदराशी त्याचा काही संबंध नाही, ते शस्त्रसंशोधनाच्या संस्थेच्या आणि एनफील्डच्या आद्याक्षरांतून आलंय. तरी पट्टीवर दोन्ही एडन शेजारी-शेजारी लिहिताना मला उगाच बरं वाटलं.

एडनमध्ये पुढे काय झालं हे मला माहीत आहे. व्हेनमच्या जागी आलेली हंटर्स तिथल्या डोंगरांत कुणावर रॉकेटं टाकत होती, हेही वाचलेलं आहे. नॅट आलं असतं तर तीच रॉकेटं त्याने टाकली असती, जरा कमी. म्हणजे हेही विमान काही सोवळं नाही. पण इथे माझ्या खोट्याने कुणाचं देणं वाढत नाही, एवढं म्हणून मी ते पुरं केलं. वॉर्निशचे दोन हात दिले.

शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा कपाटासमोर येऊन उभा राहिला. त्याला मी तीन विमानं दाखवली. टीएसआर-२, एडनचं नॅट, आणि जुनं, भारतीय हवाई दलाच्या तिरंगी वर्तुळांचं नॅट, जे मी कॉलेजात असताना केलं होतं आणि ज्याच्या काचेवर अजून गोंदाचा ठसा आहे. म्हटलं, यातलं एकच खरोखर लढलंय, ओळख. त्याने टीएसआर-२वर बोट ठेवलं. बिबट्या बघून, तो म्हणाला. मी तिरंगीवालं दाखवलं. बोटभर पंखांचं ते नॅट त्याने हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं आणि परत ठेवलं.

“काका, हे एवढंसं? काहीही सांगता.”

टीएसआर-२ नाकापासून शेपटीपर्यंत जवळजवळ अडतीस सेंटिमीटर भरतं, कपाटाच्या फळीवर सरळ मावत नाही. तिरकं ठेवलं तर काच लागते. तळाची जागा पट्टीवर अजून कोरी आहे. नाक सध्या खिडकीकडे, म्हणजे आमच्याच बिल्डिंगच्या बी विंगकडे आहे. रविवारी फळी काढून एक खाली घेतली की त्याला फिरवून ठेवता येईल.